विहिरीवरचं नारिंग

माझ्या स्वयंपाकघरात मोसंबीच्या लाकडाचं लाटणं आहे. पिवळसर, हाताला जड, आणि इतकं गच्च की एवढ्या वर्षांत त्याला बारीकशी चीरही गेलेली नाही. घरी आलेली एखादी मैत्रीण पोळ्या लाटायला मदतीला बसली की हमखास विचारते, कसलं लाकूड आहे गं हे? मोसंबीचं म्हटलं की ती लाटणं पुन्हा हातात घेऊन बघते. मोसंबीला एवढं लाकूड असतं, हे तिच्या कधी ध्यानात आलेलं नसतं. माझ्याही नव्हतं. आमची अख्खी बाग तुटली तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं.

माझं माहेर अंबड तालुक्यातलं, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या वरच्या अंगाला. कालवा दिसतो, पण त्याचं पाणी आमच्या रानात चढत नाही. अडीच एकर मोसंबी होती, आधी विहिरीच्या आणि मग बोअरच्या पाण्यावर. वीस-वीस फुटांवर लावलेली २७० झाडं. जालना, अंबड, घनसावंगी, इकडं पैठण-पाचोड, हा सगळा पट्टाच मोसंबीचा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. पाचोडच्या बाजारात मोसंबीचे ढीग लागतात तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतसुद्धा तो वास शिरतो. पाव्हण्यारावळ्यात सोयरीक बघताना आमच्याकडं विचारायचे, बाग किती? दादा, म्हणजे माझे वडील, सांगायचे, २७० झाडं.

आजी ओसरीवरून दुरुस्त करायची. “दोनशे एक्काहत्तर म्हन. इहिरीवरचं काय लोकाचंय का?”

विहिरीवरचं ते एकटं झाड संत्र्याचं होतं. आजी त्याला संत्रा म्हणत नसे, नारिंग म्हणायची. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या वर्षी तिनं ते लावलं होतं. भांडी घासायचा दगड त्याच्या बुडाशीच होता, त्यामुळं त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नसे. व्यापारी बाग बघायला यायचे, झाडं हिंडून फळांचा अंदाज करायचे आणि उक्ता भाव सांगायचे. त्या भावात नारिंग नसायचं. एका झाडाची फळं कोण मोजणार? म्हणून ते आजीचं राहिलं, आणि तिनं त्याचं जे जे केलं ते मी लहानपणापासून बघत आले.

नारिंग हा शब्द मला फार आवडतो. संस्कृतातला नारंग इथून इराणात गेला, तिथून अरबांकडं, तिथून स्पेनमध्ये जाऊन ‘नारांखा’ झाला, आणि इंग्रजीत पोचेपर्यंत पुढचा ‘न’ गळून ‘ऑरेंज’ उरला. मोसंबीचं उलटं आहे. तिच्या नावात आफ्रिकेतला मोझांबिक आहे, म्हणजे हे नाव समुद्र ओलांडून आपल्याकडं आलं. आणखी एक गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं. ज्या नागपुरी संत्र्याचं एवढं नाव आहे, त्याची रोपं नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादेहून नेली, असं जुन्या नोंदींत सांगितलेलं आहे. औरंगाबादेच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हिमायतबागेत मी पहिल्यांदा गेले तेव्हा ही गोष्ट डोक्यात घोळत होती. तिथं आता फळ संशोधन केंद्र आहे. जुन्या झाडांच्या सावलीत उभी राहून मी बराच वेळ विचार करत राहिले, की बैलगाड्यांवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली रोपं घालून कुणीतरी याच गावातून निघालं असेल, आणि आज आपण संत्रा म्हटलं की फक्त विदर्भाकडं बघतो.

आजीचं वर्ष नारिंगाच्या फुलापासून सुरू व्हायचं. माघात झाड पांढरं व्हायचं. नारिंगाला, मोसंबीला फुलं येतात अमाप, पण शंभरातली जेमतेम दोन-चार फळापर्यंत पोचतात. बाकीची गळतात. बागेतली गळ बघून दादांच्या पोटात खड्डा पडायचा. आजी मात्र रात्रीच विहिरीवर जुनं लुगडं अंथरून ठेवायची. पहाटे त्यावर पाकळ्यांचा थर असायचा, जाडसर, मेणचट, दवानं गार. ती लुगड्याची चारी टोकं धरून गाठोडं करायची आणि घरात आणून ओंजळभर पाकळ्या माठात टाकायची. दुपारी शेतातून आलेला माणूस ते पाणी प्यायचा आणि काही न बोलता दुसरा तांब्या मागायचा.

पुढं कधीतरी वाचलं की कडू नारिंगाच्या फुलांपासून नेरोली नावाचं अत्तराचं तेल काढतात आणि किलोभर तेलाला सुमारे एक टन फुलं लागतात. त्याच झाडाच्या पानांपासून आणि कोवळ्या काड्यांपासून वेगळंच तेल निघतं, त्याचा वास फुलासारखा नाही, हिरवा, तुरट. म्हणजे एकाच झाडाला फुलाचा एक वास, पानाचा दुसरा, सालीचा तिसरा. हे आजीला सांगायला ती नव्हती. सांगितलं असतं तर “मंग?” म्हणाली असती. तिनं तिन्ही वास वेगवेगळ्या कामाला लावलेच होते.

पान उन्हात धरून बघा. नारिंगाचं, लिंबाचं, मोसंबीचं, कुठलंही. सगळ्या पानभर सुईनं टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. पान चुरगाळलं की त्या फुटतात. सर्दी झाली की आजी कोऱ्या चहात दोन पानं टाकायची, आणि घरात बाळंतीण असली की तिच्या नाहणीच्या पाण्यात मूठभर. याच पानांवर लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या यायच्या. लहान असताना अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. तिला काडीनं डिवचलं की डोक्यामागून नारिंगी रंगाची दुभंगलेली शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. बागेत दादा या अळ्यांवर फवारा मारायचे, मारावाच लागायचा, कोवळी फूट ती खाऊन टाकते. विहिरीवरच्या झाडावरची अळी मात्र काढू द्यायची नाही अशी आजीची ताकीद होती. एका पावसाळ्यात शिंपी पाखरानं दोन पानं शिवून त्यात घरटं केलं. पिल्लं उडेपर्यंत आम्ही भांडी मागच्या दारी घासली.

सालीची तर तिच्याकडं चैन होती. फळ फाल्गुनात पिकायचं. सोललेली साल आमच्या घरात कुणी फेकली तर आजी ती वेचून आणायची. सुपात पसरून पत्र्यावर वाळत घालायची. वाळून कडक झालेली साल ट्रंकेत स्वेटर-घोंगड्यांच्या घडीत जायची, उरलेली मडक्यात दिवाळीपर्यंत राहायची. दिवाळीच्या आधी ती जात्यावर दळली जायची. नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, वाळा आणि नारिंगाची साल, असं आमच्या घरचं उटणं. आता उटण्याचं पाकीट आणते तेव्हा मी ते आधी नाकाला लावते. सालीचा वास आहे की नुसती हळदीची पूड, हे पहिल्या श्वासात कळतं.

आणि चुलीला ती काडेपेटीइतकीच लागायची. पावसाळ्यात तुऱ्हाट्या दमट झालेल्या असायच्या, तेव्हा दोन वाळल्या साली खाली सारल्या की जाळ धरायचा. वीज गेली की आम्ही भावंडं चिमणीभोवती बसून ताजी साल ज्योतीसमोर दुमडायचो. फर्रकन ठिणग्यांचा फवारा उडायचा. खोलीभर नारिंगाचा वास. आजी ओरडायची नाही. एकदा तिनंच माझ्या हातातली साल घेतली आणि सर्वांत मोठा फवारा उडवून दाखवला.

ते तेल काय आहे हे मला माझ्या मुलीमुळं कळलं. गणपतीच्या मखरातला थर्माकोलचा तुकडा घेऊन ती संत्रा खात बसली होती. सालीचा रस थर्माकोलवर उडाला आणि तिथं खड्डे पडले. तिनं घाबरून मला हाक मारली. मग आम्ही दोघींनी सालीवर साल पिळून तो तुकडा अर्धा विरघळवला. सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनिन नावाचा द्रव असतो, थर्माकोल त्यात विरघळतं. डब्यावरच्या लेबलांचा चिकटा, हाताला लागलेलं ग्रीस यानं निघतं. आजी चाकाचं वंगण लागलेले दादांचे हात सालीनंच घासायची.

यातली एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. आजी शेवटच्या आजारपणात जालन्याला दवाखान्यात होती. मोसंबीवाल्याच्या घरचं माणूस आजारी, म्हणजे रस घरूनच जाणार. मी पहाटे झाडावरची फळं तोडली, पिळली, थर्मासमध्ये भरली आणि दीड तासाचा एसटीचा प्रवास करून पोचले. आजीनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “कडू झालंय माय.” मला वाटलं, गोळ्यांनी तिची जीभ कडू झाली आहे. मी म्हटलं, गोड आहे, घे थोडा. तिनं माझ्यासाठी अर्धा पेला संपवला.

तो रस खरंच कडू होता. मोसंबीच्या फळात बिनकडू असं एक द्रव्य असतं. रस पिळला, पेशी फुटल्या, त्यातलं आम्ल लागलं की त्या द्रव्याचं हळूहळू कडू द्रव्य बनतं. म्हणून पिळल्याबरोबर मधासारखा लागणारा रस तास-दोन तासांत घशाला कडवट लागतो. हे मला त्या वेळी ठाऊक असतं तर मी थर्मास नेला नसता, पाटीभर फळं आणि चाकू नेला असता आणि तिच्या उशाशी बसून पिळून दिलं असतं.

पुढं या कडूपणाचा अर्थ मला जास्त कळत गेला. आजाऱ्याला मोसंबी द्यावी हे आपल्याकडं घरोघर ठाऊक आहे. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरानं हिरड्यांतून रक्त येऊन खंगलेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्यातला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला आणि दुसरा इतरांची शुश्रूषा करायला लागला. आपण क जीवनसत्त्व म्हणतो त्याची ही किमया. पण हे सगळं फळ ताजं असेतोवर. ज्या फळाचा रस साठवला की कडू होतो, ते बाटलीत भरणं सोपं नाही, त्याला वेगळी प्रक्रिया लागते, यंत्रं लागतात, पैसा लागतो. तोवर मोसंबी ताजीच विकायची. आणि ताजी विकायची म्हणजे आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळा सरताना फुललेल्या झाडांचं, फळ एकाच वेळी सगळ्या तालुक्याचं बाजारात येणार, आणि व्यापारी म्हणेल तो भाव. आमच्या घरात मी कितीतरी संध्याकाळी दादांना पट्टीचा, म्हणजे व्यापाऱ्यानं दिलेल्या विक्रीच्या हिशेबाचा, कागद घेऊन नुसतं बसलेलं पाहिलंय.

रस काढला की फळाचं जवळजवळ निम्मं वजन मागं उरतं. जगात त्याचं सोनं करतात. सालीतलं तेल काढून घेतात, पांढऱ्या गरातून पेक्टिन काढतात, ज्यानं जॅम आणि जेली घट्ट होते. उरलेला चोथा वाळवून ब्राझीलमध्ये गुरांच्या खाद्याच्या गोळ्या बनवतात आणि जहाजानं परदेशी धाडतात. आपल्याकडं रसवंतीच्या मागं सालींचा ढीग कुजतो, त्यावर चिलटं घोंगावतात आणि सकाळी नगरपालिकेची गाडी तो उचलून नेते. मी त्या ढिगाजवळून जाते तेव्हा मला सूप घेऊन बसलेली आजी आठवते, आणि वाईट वाटतं. चाऱ्यासाठी जिथं छावण्या लागतात त्या मुलखात हा ढीग उकिरड्यावर जावा, हे मला पटत नाही.

२०१२ च्या पावसाळ्यात पाऊस झाला नाही. आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. दिवाळीला विहिरीचा तळ दिसला, बोअर फुसफुसायला लागलं. मोसंबीला बहार धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, चौथाई पानं गळू द्यायची, मग पाणी सोडायचं, की झाड फुलतं. ही शेतकऱ्यानं मोजूनमापून केलेली उपासमार असते. त्या वर्षी ताण आभाळानंच दिला आणि तो तुटेचना. जानेवारीत दादांनी झाडं जगवण्यापुरतं टँकरचं पाणी घेतलं, ५,००० लिटरची एक खेप. आळ्यात पाणी पडलं आणि पंधरा-वीस दिवसांत सगळी बाग फुलली. अशी फुललेली बाग मी जन्मात बघितली नव्हती. वाटेवरून जाणारे लोक थांबून बघायचे. दादा त्या पांढऱ्या झाडांमधून फिरत होते आणि रडत होते. झाडाला वाटलं होतं पाऊस आला. दादांना ठाऊक होतं की पुढच्या टँकरला पैसे नाहीत.

एप्रिलात बाग तोडली. आमचीच नाही, त्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात गावंच्या गावं बागा तोडत होती. लाकूडवाल्यानं काटा आणला. वर्षानुवर्षं फळं टनावर गेली होती, आता झाडंही टनावर गेली, वीटभट्टीला. दादांनी एक खोड बाजूला काढून ठेवलं. सुताराकडून त्याची तीन लाटणी करून घेतली, माझ्यासाठी, बहिणीसाठी, वहिनीसाठी, आणि उरल्या तुकड्यातून दोन खुरप्यांच्या मुठी. सुतार म्हणाला, रंधा बसत नाही, लईच चिवट लाकूड आहे.

नारिंग उरलं. विहीर कोरडी होती, पण घरात प्यायला टँकरचं पाणी यायचं आणि खरकटं पाणी जुन्या दगडावरून त्याच्या बुडाशी जायचं. तेवढ्यावर ते २०१३ मधून निघालं, पुढच्या दोन कोरड्या वर्षांतूनही निघालं. आणि २०१६ च्या सप्टेंबरात जो पाऊस कोसळला, त्यात गेलं. आळ्यात पाणी साचून राहिलं, बुंध्याची साल फुगली, चिरली, आणि मधाच्या रंगाचा डिंक ओघळायला लागला. डिंक्या म्हणतात त्याला. दादांनी साल खरवडली, किलोभर मोरचूद, किलोभर चुना दहा लिटर पाण्यात कालवून बोर्डो पेस्ट केली आणि ब्रशनं सगळा बुंधा निळा केला. बागेतल्या २७० झाडांना दरसाल करायचे तेच. या एकाला आयुष्यात कधी केलं नव्हतं. पानं पिवळी पडत गेली. तशातही त्या झाडानं लिंबाएवढी पंधरा-वीस फळं दिली.

ती फळं दादांनी मला आणून दिली. मी बिया धुतल्या आणि वाळू न देता तेलाच्या रिकाम्या डब्यात लावल्या, कारण नारिंगाचं बी कोरडं पडलं की उगवायचं मागं पडतं. महिन्याभरानं कोंब आले. एका बीमधून एक नाही, दोन, कुठं तीन. मला वाटलं, चुकून बिया एकावर एक पडल्या. तसं नव्हतं. नारिंगाच्या एका बीमध्ये अनेक गर्भ असतात. त्यातला एक परागकणांशी संकर होऊन झालेला, तो बहुधा अशक्त. बाकीचे थेट आईच्या पेशीपासून झालेले, म्हणजे हुबेहूब आईच. मी गुडघ्यांवर बसून कितीतरी वेळ त्या डब्यात बघत होते. तीन कोंब, पैकी दोन आजीचं झाड.

भावानं पुढं शेततळं केलं आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावर कलम केलेली नवी मोसंबी लावली. माझ्या रोपांना तो म्हणाला, ताई, बियाचं झाड आहे, काटे येतील आणि फळाला सात-आठ वर्षं लागतील. काटे आले, बोटभर लांब. सर्वांत जोमाचं एक विहिरीवर गेलं, जुन्या दगडापासून हातभर लांब, उंचवट्यावर, पाणी साचणार नाही असं. एक माझ्या शाळेच्या आवारात आहे. तिसरं गच्चीवरच्या ड्रममध्ये आहे, त्याला अजून फूल नाही.

विहिरीवरच्याला गेल्या फाल्गुनात पहिली फळं लागली, सात. मी माहेरी गेले त्या दिवशी दादांनी एक तोडलं आणि बाजेवर बसून सोललं. साल त्यांनी फेकली नाही, शेजारच्या सुपात ठेवली. आम्हाला एकेक फोड दिली, एक स्वतः खाल्ली. आंबट होतं. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी तोंडातल्या बिया तळहातावर काढल्या, विहिरीच्या पाण्यानं धुतल्या, मळक्या रुमालाचं टोक भिजवून त्यात बांधल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवल्या.